घड्याचा दुसरा कान

१

बाबांचा शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. त्या दिवशी मी त्यांना हसवायला एक वाक्य बोलले आणि ते हसले नाहीत.

१९९९चा ऑगस्ट. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या गोदामांमागे एक आवार होतं आणि त्यात एक बिनखिडक्यांचा लोखंडी कंटेनर. आत एसी, फळ्या आणि मालकांच्या वडिलांनी जन्मभर जमवलेली खापरं. मालकांना पुढं त्यांचं म्युझियम करायचं होतं. बाबा, म्हणजे वासुदेव गोखले, पुण्यात प्राचीन इतिहास शिकवायचे. त्या खापरांची देखभाल करायला ते शारजाला आले आणि इथलेच झाले.

कंटेनरच्या दारात ते चपला काढत. मलाही काढायला लावत. "ज्या मातीवर कुणाचं तरी बोट उमटलंय, तिथं वहाणा घालून फिरायचं नाही." आत जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली असे आणि दारापाशी, जिथं खापरं ब्रशनं झाडली जात, तिथं पिवळट धूळ साचलेली. ते घरी आले की त्यांची पिवळी पावलं फरशीवर उमटत आणि आई ओरडे, "आधी पाय धू! सगळं ऱ्होड्स माझ्या फरशीवर!"

ऱ्होड्स. बाबांचं सगळं प्रेम त्या ग्रीक बेटावरच्या शहरावर होतं. तीन जुन्या गावांनी भांडणं मिटवून बांधलेलं शहर, आखीव रस्ते, पाच बंदरं. तिथली दारू मातीच्या उंच घड्यांतून जगभर जायची आणि त्यातले काही घडे थेट आपल्या इथल्या वाळवंटापर्यंत आले होते. घड्याला दोन कान. एका कानावर त्या वर्षीच्या सूर्यमंदिराच्या पुजाऱ्याचं नाव आणि महिना, दुसऱ्यावर कारखानदाराचं नाव, मधोमध गुलाब.

"म्हणजे एका कानावर साल आणि दुसऱ्यावर माणूस," बाबा म्हणायचे. "दोन्ही सापडले की मगच घडा खरा बोलायला लागतो."

मालकांच्या संग्रहात असा एकच घडा होता, दोन्ही कानांसकट. कान तुटून सुटे झाले होते, पण दोन्ही होते. कारखानदाराच्या कानाच्या बुडाशी कुंभारानं अंगठा दाबून जोड पक्का केला होता. तो खळगा बावीसशे वर्षं तसाच होता. वर्षभरापूर्वी मी कॉलेज संपवून पुण्याहून परत आले, तेव्हा बाबांनी मला त्यात अंगठा ठेवायला लावला होता. खळगा माझ्यासाठीच केल्यासारखा तो बसला होता. "तुझ्याच मापाचा कुणीतरी होता बघ, मनू," बाबा लहान मुलासारखे हरखून म्हणाले होते.

त्या गुरुवारी पांढऱ्या चादरीवर तो कान माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "ठेव बघू अंगठा."

मी ठेवला. कडेला अडला. दाबला तरी आत जाईना.

"आईचे बेसनाचे लाडू," मी म्हणाले. "जाड झालेय मी, बाबा. अंगठ्यापासून सुरुवात."

ते हसले नाहीत. त्यांनी कान उजेडात धरला, बोटांनी चाचपला आणि चादरीवर घड्यापासून लांब ठेवला.

"वेगळा का ठेवलात?" मी विचारलं. सगळं जागच्या जागी ठेवायचा त्यांचा हट्ट होता.

"एका थरात सापडलेलं एका पिशवीत ठेवायचं, मनू. हा त्या थरातला नाही." मग नेहमीचं वाक्य, पण फार हळू आवाजात. "वस्तू बोलत नाही. शेजार बोलतो."

संध्याकाळी अल मजाजच्या आमच्या घरी, गॅलरीतून खाडीकडे पाठ करून ते फोनवर बोलत होते. मला एवढंच ऐकू आलं : "मी कुणाला सांगणार नाही. तूच जाऊन सांग. उद्या आधी मला भेट. एक दिवस देतोय तुला, कारण तू आहेस."

शुक्रवारी सकाळी थालीपीठ खाऊन ते गेले. शनिवारी सकाळी वॉचमन इद्रीसनं कंटेनरचं कुलूप काढलं तेव्हा दार आतून कुणीतरी टेकल्यासारखं जड लागलं.

२

इद्रीसनं पहिला फोन आमच्याकडे केला. आई आणि मी टॅक्सीनं पोचलो तेव्हा पोलीस यायचे होते. इद्रीस उंबऱ्याच्या बाहेर मातीत बसला होता. आत पाऊल टाकायची त्याची हिंमत नव्हती.

मी पाहिलं ते सांगते. एकदाच सांगते.

बाबा दाराशी पडले होते. मुठींची कातडी सोलवटलेली होती. सदरा काढून त्यांनी दाराच्या फटीशी लावला होता. तिथून हवा येत असावी असं त्यांना वाटलं असेल. फळीवर, हाताच्या अंतरावर, दगडी खल होता. मुठींपेक्षा त्यानं दार कितीतरी जोरात वाजलं असतं. त्यांनी तो उचलला नव्हता. एकही जुनी वस्तू जागची हलली नव्हती.

फक्त एक मोडली होती. कारखानदाराचा कान. त्याचे दोन तुकडे झाले होते.

आणि दाराच्या डाव्या बाजूला, आत, त्यांच्या कोल्हापुरी चपला होत्या. जोडीनं, नीट. एका चपलेत कानाचा एक तुकडा, दुसऱ्या चपलेत दुसरा.

आईनं बाबांच्या चेहऱ्यावर पदर टाकला. मग तिनं तुकडे बाजूला ठेवले, चपला उचलल्या आणि आपल्या पिशवीत घातल्या.

पोलिसांना सगळं सरळ दिसलं. आत माणूस आहे की नाही हे न बघता इद्रीसनं शुक्रवारी दुपारी बाहेरून कुलूप घातलं आणि वीज बंद केली. ऑगस्टात, लोखंडाच्या डब्यात. त्यांनी त्याला नेलं.

"चपलां बाहर नै थे, अम्मा!" जीपमध्ये चढताना तो आईकडे बघून ओरडत होता. "अल्ला की कसम, साब के चपलां बाहर नै थे!"

राजनकाका सगळ्यात शेवटी आले. बाबांचा पुण्यापासूनचा मित्र, मालकांचा मॅनेजर. बाबांना इथं नोकरी त्यांनीच मिळवून दिली होती. आल्या आल्या त्यांनी आईला धरलं आणि ओक्साबोक्शी रडले.

शुक्रवारी दुपारी तेच आमच्याकडे जेवायला होते. त्यात नवल नव्हतं, महिन्यातून दोनदा तरी असत. मी आंघोळ करून बाहेर आले तर दारापाशी पिवळट पावलं दिसली. बाबा आले म्हणून मी आतल्या खोलीत डोकावले. ते नव्हते. टेबलाशी राजनकाका बसले होते. आई ओलं फडकं फिरवत म्हणत होती, "हे येतीलच इतक्यात. तुम्ही सुरुवात करा, भाऊजी, गरम आहे तोवर."

ते येत नाहीत असं पाहून आईनं त्यांचं ताटही काकांनाच वाढलं. वाढता वाढता ती काळजी करायला लागली तेव्हा काका म्हणाले होते, "वहिनी, मालकांचे पाहुणे आलेत. त्यांना घेऊन मलेह्याला, खोदकाम दाखवायला गेला असेल. उद्या उगवेल."

मग त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली होती.

३

तेराव्याच्या आधीच राजनकाकांनी आमची सगळी घडी बसवून दिली. बाबांच्या व्हिसावर आम्ही होतो. तो गेला की आम्हीही गेलो. सृष्टीची, माझ्या धाकट्या बहिणीची, दहावी होती. काकांनी ओळखीच्या एका नर्सरी शाळेत आईला नोकरी लावली. नव्या व्हिसाचे कागद तेच फिरवत होते.

"आणि इद्रीसचं?" मी विचारलं.

"त्याला माफ करून टाकू," काका म्हणाले. "वारसांनी माफ केलं की केस मिटल्यातच जमा. गरीब माणूस आहे, चूक झाली. वासू असता तर त्यानंही हेच केलं असतं. बुधवारी ऑफिसरपुढे जायचं, तिघींनी हो म्हणायचं, खलास. अरबीचं मी बघतो."

"सो स्वीट ऑफ यू, काका," सृष्टी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

मलाही ते बरोबर वाटलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोरून त्या चपला जात नव्हत्या. बाबा वहाणा घेऊन आत जाणं शक्यच नव्हतं, आणि इद्रीस म्हणतो त्या बाहेर नव्हत्या. दोन्ही खरं असेल तर त्या कुणीतरी आत नेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी लॉकअपमध्ये गेले. जाळीपलीकडे इद्रीस अर्धा झाला होता. हैद्राबादचा माणूस, मला लहानपणापासून "छोटी मॅडम" म्हणायचा.

"मेरी बीवी हव्वाबी फोन पे फोन करतीए," तो म्हणाला. "बोलतीए, मॅडम लोगां माफ कर देंगे तो तू घर आ जाता. कर दो ना, छोटी मॅडम. गलती हुई मेरे से."

"कौनसी गलती, इद्रीसभाई? चप्पल थी कि नहीं?"

"जुमे की नमाज को निकला तब थे. मैं खुद देखा. साब अंदर चटई पे लेटते ना थोडी देर, वैसे लेटे थे. मैं जगाया नै." ते खरं होतं. शुक्रवारी घरी जेवायला यायच्या आधी बाबा तिथंच डाव्या कुशीवर थोडे पडायचे. "वापस आया तो चपलां नै. समझा, साब गए घर. ताला मारा, बिजली बंद करा, अजमान चला गया. मेरी छुट्टी थी ना."

"बिजली क्यों बंद की?"

"रूल है. ताला लगा तो बिजली बंद. राजन साब का रूल है, बिल बहुत आता बोलके."

"नमाज में तुम्हारे साथ कौन था?"

"कंपाउंड के सब थे. टायरवाले जमाल भाई, उनके लडके. वो पुराना सामान बेचनेवाला पठान भी. हमदुल्ला. मेरे बाजू में खडा था, उसका कंधा मेरे कंधे को लगता था."

माझा पहिला संशय याच हमदुल्लावर होता. बाबांचं आणि त्याचं आदल्याच महिन्यात जोराचं भांडण झालं होतं. आवारातल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

पण चपला नमाजाच्या वेळात हलल्या होत्या, आणि त्या वेळात तो इद्रीसच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

४

हमदुल्लाचं दुकान सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत होतं. पेशावरचा जाडजूड म्हातारा, उन्हाळ्यातही पायात घोट्यापर्यंत लेस बांधलेले बूट. मी दारात चपला काढायला वाकले तर तो खेकसला, "पहन के आओ, पहन के आओ. मस्जिद है क्या ये? तुम्हारा बाप भी यही करता था. मैं बूट पहन के उसके डिब्बे में घुसा तो मुझे धक्के मारके निकाला. मुझे! साठ साल के आदमी को!"

"उसी बात पे झगडा हुआ था?"

"और किस बात पे?" त्यानं चहा मागवला. "बैठो. दुश्मन की बेटी भी मेहमान होती है."

बाबांनी गुरुवारी वेगळा ठेवलेला तो कान माझ्या मनातून जात नव्हता. मी त्याला सरळच विचारलं. "चाचा, रोड्स के घडे का कान आपने खरीदा?"

 तो दात दाखवून हसला.

"बेटी, उस शहर का एक बुत था. सूरज का. ज़लज़ला आया, ज़मीन हिली, गिर गया. तुम्हारे बाप ने ही सुनाया था मुझे, अच्छे दिनों में. सदियों तक पडा रहा, किसी ने हाथ नहीं लगाया. फिर एक दिन, कहते हैं, किसी ने भंगार में बेच दिया, और ऊँटों पे लद के गया." त्यानं बशीत चहा ओतला. "जिसने बेचा उसका नाम किसको याद है? खरीदनेवाले को सब गाली देते हैं."

"यानी खरीदा."

"मैंने खरीदा. मैंने मारा नहीं. दोनों में फ़र्क़ समझती हो तो चाय पियो."

"बेचा किसने?"

"नाम नहीं लूँगा. मेरे धंधे में नाम लेनेवाला एक ही बार धंधा करता है." मी उठले तेव्हा तो मागून म्हणाला, मला लागेल असंच, "बाहर मत ढूँढो. वो आदमी जूते उतार के मेरी दुकान में आता है. तुम्हारी तरह."

५

मालकांच्या परवानगीनं बाबांच्या वैयक्तिक वस्तू आणायला म्हणून मी कंटेनरमध्ये गेले. मालकांचा भाचा किल्ली घेऊन बाहेर गाडीत बसला, एसी लावून.

कानाचे दोन तुकडे फळीवर होते. मी ते जोडून धरले आणि खळग्यात अंगठा ठेवला. अडला. गुरुवारसारखाच.

पुण्यात असताना मी दोन महिने कुंभारकामाच्या वर्गाला गेले होते, तेही बाबांनीच घातलं होतं म्हणून. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात : माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. खऱ्या वस्तूचा साचा काढून त्यातून दुसरी केली, तर दुसरी दिसायला तशीच होते. फक्त थोडी लहान.

माझा अंगठा वाढला नव्हता. खळगा लहान झाला होता.

कान नकली होता. खरा विकला गेला होता. गुरुवारी माझ्या एका विनोदानं बाबांना ते कळलं होतं, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी कुणाला तरी एक दिवस दिला होता. "कारण तू आहेस."

म्हणून तर जिनं दार वाजलं असतं अशी एकही जुनी वस्तू त्यांनी वापरली नाही आणि हा कान मात्र मोडला. मोडायला त्यांना काही वाटलं नाही, कारण तो बावीसशे वर्षांचा नव्हताच. आतून तो ताजा, भाजलेल्या विटेसारखा लाल होता. खऱ्याची माती फिकट असते.

पण चपलांत का ठेवला?

मी दार ओढून घेतलं आणि अंधारात उभी राहिले. एसी बंदच होता. थोड्या वेळात कपाळ, मान, पाठ सगळं वाहायला लागलं. मी चादरीवर गुडघे टेकले आणि हातांनी चाचपत दाराच्या डाव्या बाजूला गेले, जसे ते गेले असतील. जाग आल्यावर काळोख. ओरडून ओरडून घसा बसलेला. आणि मग बोटांना कोल्हापुरीचा अंगठा लागतो, आत, जिथं ती कधीच नसते.

त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं असणार. इद्रीसची चूक नाही, हेही.

अंधारात लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तरी ते कुणाच्या हाती पडेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. नकली कान शोधला, मोडून त्याचं पोट उघडं केलं आणि चपलांत ठेवला. एका थरातलं एका पिशवीत. ज्यानं हे केलं, त्यानंच ते केलं. शेजार बोलतो.

मी दार ढकललं. बाहेरचं ऊन गार वाटलं.

आता उरला होता माणूस. नमाजाला न जाणारा. चपला बाहेर असल्या की इद्रीस कुलूप लावत नाही आणि कुलूप लागलं की वीज जाते, हे दोन्ही माहीत असलेला. त्याला कुणाला हात लावायचाच नव्हता. झोपलेल्या मित्राच्या चपला दोन पावलं आत सरकवायच्या, एवढंच. बाकीचं नियमानं झालं.

आणि तो सवयीचा माणूस होता. शनिवारी मी पाहिलं तेव्हा पांढऱ्या चादरीवर बुटाचा एकही ठसा नव्हता. त्याला आत यावं लागलं होतं. वासू झोपलाय ना, हे बघायला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, मारायला आलेला तो माणूससुद्धा दारात बूट काढून आत गेला होता. मोज्यांनी. त्या पिवळ्या धुळीवरून.

तिथून तो जिथं गेला, तिथंही त्यानं दारात बूट काढले होते.

भाचा गाडीची काच खाली करून ओरडला, "यल्ला, सिस्टर! खलास?"

६

घरी आई ओट्याशी भाजी चिरत होती. बाबांच्या चपला तिनं धुऊन, पॉलिश करून दाराबाहेर ठेवल्या होत्या. रोज ठेवायची.

"आई, तू चपला का उचलल्यास? पोलीस यायच्या आधी?"

"त्यांच्या होत्या."

"आत होत्या."

सुरी थांबली नाही. "होत्या असतील."

"बाबा चपला आत नेतील?"

"मनू, मला बारीक चिरायचीय, बोलू नकोस."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिचे हात खरबरीत झाले होते. बाबा गेल्यापासून ती दिवसातून चार-चारदा फरशी पुसत होती. मला ते दुःख वाटलं होतं.

"शुक्रवारी काका आले तेव्हा…"

"राजनभाऊजींनी आज व्हिसाचा स्टॅम्प आणून दिला," ती मधेच म्हणाली. "सृष्टीची प्रिलिम जानेवारीत आहे. पुण्यात आपलं कोण आहे? तुझ्या आत्याच्या दोन खोल्या? तिथं जाऊन तिला कुठल्या शाळेत घालू, मराठीचा पेपर लिहिता येत नाही तिला."

"आणि इद्रीस?"

"म्हणून तर माफ करतोय ना!" ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "सुटेल तो. घरी जाईल बायकोकडे. त्याचं भलं होतंय, आपलं होतंय. कुणाचं वाईट होतंय, सांग ना?"

"बाबांचं."

आईनं सुरी खाली ठेवली. फार शांतपणे ठेवली.

"त्यांना मी शंभर वेळा सांगितलं होतं, जगाची खापरं जोडायला जाऊ नका. त्या दिवशीही गप्प बसले असते तर आज ताटावर असते." मग तिनं कढईत तेल ओतलं. "बुधवारी निळी साडी नेसते. तू काय घालणार आहेस?"

तिला माहीत होतं. शनिवारी कंटेनरच्या दारात, ती पिवळी धूळ पाहिल्यावर माहीत झालं होतं. मला कळायला दोन आठवडे लागले. तिला एक नजर लागली होती. ती धूळ ती पंधरा वर्षं रोज पुसत होती.

७

ऑफिसरची खोली थंडगार होती. तरुण अधिकारी, स्वच्छ पांढरा पायघोळ कंदुरा, समोर खजूर. इद्रीस बेड्या घालून भिंतीशी उभा होता. राजनकाका आमच्या बाजूला, दुभाषे म्हणून. नवा शर्ट, खिशाला पेन. अधूनमधून ते सृष्टीच्या डोक्यावर हात फिरवत होते.

अधिकाऱ्यानं अरबीत विचारलं. काकांनी मराठीत सांगितलं, "वहिनी, विचारतायत, या माणसाला तुम्ही माफ करता का?"

"हो," आई म्हणाली.

"सृष्टी?"

"येस. आय मीन, हो."

"मनू, बाळा?"

मी इद्रीसकडे पाहिलं. तो नुसता मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. मी हो म्हटलं असतं तर तो आठवड्यात विमानात असता. मी बोलले तर चौकशी पुन्हा सुरू, आणि तोवर तो आतच. त्याच्या चेहऱ्यावरची ती याचना मी पाहिली आणि तरी बोलले.

"राजनकाका," मी मराठीत म्हणाले, "आता मी जे सांगते ते जसंच्या तसं सांगा त्यांना. इद्रीसला माफ करण्यासारखं काही नाही. तो नमाजाला गेला तेव्हा चपला बाहेर होत्या. त्या आत नेणारा माणूस नमाजाला जात नाही. त्यानंच घड्याचा कान विकला. तो दारात बूट काढूनच आत जातो, कुठंही. तो माणूस माझ्या बाबांना आत कोंडून आमच्या घरी आला आणि त्यांच्या ताटात जेवला. सांगा."

काकांनी खिशाचं पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं.

"क्या बोला?" अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं. त्याला हिंदी येते हे काकांना माहीत नसावं. त्यांची मान झटकन वळली.

"सर, शी इज… बाप गया है, सदमा है," ते म्हणाले. मग माझ्याकडे झुकून, दातांवर दात ठेवून, "मनू, सृष्टीचा विचार कर. सगळ्यांचे व्हिसा माझ्या एका फोनवर आहेत."

"तुम बोलो," अधिकारी मला म्हणाला.

मी हिंदीत पहिल्यापासून सांगितलं. अंगठा, माती, कान, चपला. मी सांगत असताना सृष्टी रडायला लागली, "दीदी, स्टॉप इट, प्लीज," म्हणत. इद्रीस भिंतीशी खाली बसला. अधिकाऱ्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यानं पेन ठेवलं.

"ये सब तुम्हारा सोचना है," तो म्हणाला. हिणवून नाही, सरळच. "सबूत? उस दिन ये आदमी डिब्बे में गया था, ये किसने देखा?"

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. त्यांचा रंग परत येत होता.

आईनं टेबलाखाली माझा हात धरला. प्रेमानं नव्हे. नखं रुतली. निळी साडी, कपाळ मोकळं, नजर समोरच्या खजुरांवर. तिचा हात घामानं ओला होता.

मी हात सोडवून घेतला आणि तिच्याकडे वळले. अधिकाऱ्याला कळावं म्हणून हिंदीत बोलणार होते. पण आईशी मी कधी हिंदीत बोलले नव्हते.

"आई, शुक्रवारी आपल्या दारापाशी पिवळी पावलं होती. मला वाटलं, बाबा आले. मी आत जाऊन त्यांना शोधलं. तेवढ्यात ती तू पुसलीस. कुणाची होती, ते सांग. आता माझ्यासमोर सांग, आई. आणि बाबांच्या चपला उद्यापासून दाराबाहेर ठेवू नकोस."